नावाड्याला कळलं होतं का?

आमच्या घरात बार मोजायची सवय सगळ्यांनाच होती. वडील, म्हणजे आमचे आप्पा, विहिरी फोडायचे. पारनेरच्या पुढं आमचं गाव. वरचा दोन हात मुरूम गेला की खाली नुसता काळा पाषाण, आणि त्या पाषाणात पाण्यापर्यंत पोचायचं तर सुरुंगाशिवाय इलाज नव्हता. सकाळभर विहिरीच्या तळाशी घण आणि छिन्नीनं भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची, वाती मुद्दाम कमीजास्त लांबीच्या कापायच्या, म्हणजे बार एकदम न उडता एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. दुपार कलली की आप्पा वाती पेटवून वर यायचे आणि लांब जाऊन उभे राहायचे. इकडं घरी फळीवरची पितळी भांडी किणकिणायची. आई पीठ मळता मळता थांबायची, काकीच्या हातातलं सूप थांबायचं, माझं पुस्तक थांबायचं, आणि तिघींचे ओठ हलायचे. सकाळी निघताना आप्पा आकडा सांगून जायचे, "आज सात हायेत." हा आकडा बायकांना कशाला सांगायचा, असं कधी कुणी विचारलं नाही. संध्याकाळी ते हातपाय धुताना आई म्हणायची, "सात झाले." ते म्हणायचे, "व्हय." घरात दिवस संपला असं त्या दोन शब्दांनंतर वाटायचं.

मोजण्याचा नियम साधा होता. एक जरी बार कमी ऐकू आला तरी त्या दिवशी विहिरीत कुणी उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा एकटे उतरायचे, न उडालेला बार शोधायचे, आणि मगच बाकीचे खाली जायचे. आजूबाजूच्या चार-पाच गावांत त्यांच्या हाताखाली काम केलेले लोक होते आणि त्यांतल्या एकाच्याही बोटाला जखम झालेली नव्हती. आप्पांनी मोजलं म्हणजे मोजलं. लोक त्यांना मान द्यायचे तो काही श्रीमंतीसाठी नव्हे, आमच्याकडं तशी काही नव्हतीच. आपला जीव ज्याच्या आकड्यावर आहे त्या माणसाशी माणसं जपून बोलतात, तसे बोलायचे.

नाना हा त्यांचा धाकटा भाऊ, त्यांच्याहून बराच लहान, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. सतत शीळ घालायचा. जेवताना शेंगोळी असली की ताटाभोवती पाणी फिरवायच्या आतच पहिला घास तोंडात असायचा. त्याचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. काकी तिसगावची, नाव इंदू. मूलबाळ नव्हतं. ती थोरल्या दिरासमोर, म्हणजे आप्पांसमोर, डोईवरचा पदर पुढं ओढून उभी राहायची आणि काही हवं-नको असलं तर माझ्याकडून निरोप द्यायची. मी दोघांच्या मध्ये उभी राहून, दोघांनाही ऐकू आलेलं वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हणायची.

त्या दिवशी नऊ बार होते. मी पारनेरला शाळेत होते. संध्याकाळी एसटीतून उतरले तर अंगणात माणसं जमली होती. मला जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. बार उडाले होते, नाना शिडीपाशी जाऊन बसला होता, "दादा, झाले का?" असं त्यानं विचारलं होतं आणि आप्पांनी "झाले, उतर," म्हटलं होतं. खाली जाऊन नानानं ढिगाऱ्यात पहिली पहार मारली आणि राहिलेला बार उडाला. पंचनामा झाला, कागदावर अपघात असं लिहिलं गेलं. ते चूकही नव्हतं. मोजण्यात चूक झाली, असं गाव म्हणालं आणि आम्हीही तेच धरून चाललो.

तेराव्यापर्यंत घरात रडारड होती. त्यानंतर कुणी रडलं नाही. हे कसं सांगावं ते मला आता सत्तरी ओलांडल्यावरही नीट कळत नाही. दुःख झालं असं मी लिहीन, पण तो शब्द त्या घराला बसत नाही. घर बधिर झालं होतं. एकदा आई आमटीत मीठ घालायची विसरली. आम्ही चौघं जेवलो, एकाही माणसानं मीठ मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी आईनं स्वतःच ओळखलं आणि म्हणाली, "काल अळणी झालं हुतं का गं?" मी खरंच आठवून पाहिलं, मला सांगता आलं नाही. आप्पांनी विहिरीचं काम सोडलं. आमची दोन एकर बाजरी आणि मटकी होती, तेवढंच ते पाहायचे. वेळेवर जेवायचे, वेळेवर झोपायचे, दाढी करायचे. काकीला न्यायला तिसगावहून तिचा भाऊ आला तेव्हा ती म्हणाली, "मी इथंच ऱ्हाते," आणि राहिली. ती आणि आप्पा एकाच घरात राहिले, ती वाढायची आणि ते जेवायचे. निरोप द्यायचं माझं कामही संपलं, कारण निरोपच उरले नव्हते. लांबच्या एखाद्या गावातून दुपारी बारांचे आवाज आले की सगळ्यांचे हात पूर्वीसारखेच थांबायचे. आकडा मात्र कुणी बोलत नसे.

पुढं मी नगरच्या कॉलेजात मराठी घेऊन शिकायला गेले आणि मुलींच्या वसतिगृहात राहू लागले. आता त्या शहराला अहिल्यानगर म्हणतात. मी या गच्चीवर बसून लिहिते आहे तीही त्याच शहरात आहे, पण माझ्या तोंडात नगरच येतं. आम्हाला भालसिंग नावाचे सर होते. उंच, किडकिडीत, खडूनं माखलेला कोट. त्यांनी कॉलेजात चित्रपट मंडळ काढलं होतं आणि कुठून कुठून रिळं मागवून ते सभागृहात पडद्यावर सिनेमे दाखवायचे. शोकांतिका शिकवताना त्यांनी एक जुना सिनेमा आणला. त्याचं पहिलं रीळ इतकं झिजलेलं होतं की नावाच्या पाट्या कुणालाच दिसल्या नाहीत. आम्ही पोरी त्याला 'नावाड्याचा पिक्चर' म्हणायचो.

गोष्ट अगदी थोडी. नदीकाठच्या गावातला एक नावाडी, सगळ्या पंचक्रोशीचा भरवशाचा. नावेच्या अंगावर पांढरी रेघ ओढलेली असते. ती पाण्याखाली गेली की आणखी माणूस घ्यायचा नाही. बाजाराच्या दिवशी पलीकडं जायची घाई असते, आभाळ दाटलेलं असतं, एक म्हातारा काठावरून हात जोडतो. नावाडी वाकून रेघेकडं बघतो, मग म्हाताऱ्याकडं बघतो आणि म्हणतो, "बसा." नाव मध्यावर उलटते. अकरा माणसं जातात, त्यांत त्याचा जिवाभावाचा मित्र असतो. नावाडी वाचतो. पंच विचारतात तेव्हा "मीच नेलं" एवढंच तो बोलतो. त्यानंतर शेवटपर्यंत पडद्यावर तो भाकरी खातो, जाळं विणतो, दारात बसतो. पुढं नदीवर पूल होतो, गाव पुलावरून जाऊ लागतं. तो मात्र कोसभर वळसा घालून उथळ पाण्यातून चालत पलीकडं जातो, आणि तिथंच सिनेमा संपतो.

सरांनी फळ्यावर चार अटी लिहिल्या. शोकनायक सामान्यांपेक्षा काहीसा उंच, पण दोष असलेला माणूस असावा. त्याचा घात दुष्टपणानं नव्हे, त्याच्याच एखाद्या प्रमादानं व्हावा. त्याचं दैव पालटावं. आणि शेवटी आपण काय केलं याची त्याला ओळख पटावी. विषय दिला, 'नावाडी हा शोकनायक ठरतो का?' उत्तम निबंध आंतरमहाविद्यालयीन कार्यक्रमात व्यासपीठावर वाचायचा होता.

मी तो निबंध दोन दिवसांत लिहिला. पहिली अट मी मान्य केली. नावाडी राजा नाही, पण नदी ओलांडताना सगळ्यांचे जीव त्याच्या हातात असतात आणि ही उंचीच आहे, असं लिहिलं. दुसरी केली, तिसरीही केली. चौथी नाकारली. तो रडत नाही, कबुली देत नाही, कुणाची क्षमा मागत नाही, मित्राच्या घरासमोरून जाताना थांबत नाही, असं एकेक दाखवत गेले आणि शेवटी लिहिलं, 'ज्याला आपली चूक कळल्याची एकही खूण सापडत नाही तो शोकनायक नव्हे. तो केवळ वाचलेला माणूस आहे.' सरांनी या वाक्याखाली लाल शाईनं रेघ मारून 'वा!' असं लिहिलं. निबंध पहिला आला. मी खोटं सांगत नाही, तो लिहिताना मला आप्पा एकदाही आठवले नाहीत. तीन वर्षं रोज ज्यांच्या समोर बसून जेवले त्यांच्याबद्दलच मी लिहीत होते आणि ते माझ्या ध्यानात आलं नाही. आज कुणाला हे पटणार नाही. पण बधिरपणा असाच असतो, जिथं चिमटा बसतो तिथं तो कळत नाही.

रविवारी गावी गेले. आईला फार आनंद झाला. जेवणं झाल्यावर दुपारी ती म्हणाली, "वाच की, काय लिव्हलंयस ते. आमाला कळंल तेवढं कळंल." आप्पा खांबाला टेकून सुपारी कातरत होते. काकी उंबऱ्याशी बाजरी पाखडत होती. मी आधी सिनेमाची गोष्ट सांगितली, मग निबंध वाचायला लागले, चांगल्या खड्या आवाजात, व्यासपीठावर वाचायचा तसा. त्या शेवटच्या वाक्याशी आले आणि काकीचं सूप थांबलं. मी वर बघितलं. तिच्या थांबलेल्या हाताकडं बघता बघता मला कळलं की मी काय वाचते आहे. पण वाक्य तोंडात अर्धं आलेलं होतं, ते मी पुरं केलं.

आप्पांनी सुपारीची खांडं नीट डबीत भरली. "झालं का वाचून?"

"हो."

"चांगलं लिव्हलंय," ते म्हणाले. मग डबीचं झाकण लावत, "त्यो पिक्चर पुन्यांदा दावनार हायेत का?"

"पुढच्या रविवारी. कार्यक्रमाच्या आधी. पालकांनाही बोलावलंय."

"मंग मी येतो."

काकी उंबऱ्याशीच बसून, न वळता म्हणाली, "मीबी येनार." आप्पांच्या बोलण्यावर तिनं थेट टाकलेलं ते पहिलंच वाक्य होतं.

तो आठवडा मी कसा काढला ते आठवत नाही. भीती वाटली असं म्हणावं तर तीही वाटली नाही. निबंध पाठ होता, तो मनात आपोआप वाजत राहायचा. रविवारी सकाळच्या गाडीनं आप्पा आणि काकी आले. आप्पांच्या अंगावर लग्नातला कोट, काकीच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. आई गुरांसाठी मागं राहिली होती. सभागृहाचे पडदे ओढले, यंत्राची खरखर सुरू झाली. मी दोघांच्या मध्ये बसले होते. रेघेचा प्रसंग आला तेव्हा आप्पा पुढं झुकले. त्यानंतर नावाडी पडद्यावर जेवत होता, जाळं विणत होता, तोवर ते तसेच झुकून राहिले. काकी मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती. मी सिनेमा पाहिलाच नाही, त्या दोघांच्या श्वासाकडं कान देऊन बसले.

सिनेमा संपला आणि बक्षीससमारंभाला अर्धा तास होता. बाहेर लिंबाखाली चहाची टेबलं मांडली होती. आम्ही कप घेऊन बाजूच्या पायरीवर बसलो. आप्पांनी कप खाली ठेवला.

"शैला, तू लिव्हलंस का त्याला कळलं न्हाई."

"आप्पा, ते मी सिनेमाबद्दल..."

"पिक्चरबद्दलच बोलतोय मी. त्यानं रेघ बघितली. वाकून बघितली. रेघ पान्याखाली गेली हुती, आनि बघून बसा म्हनला. त्याला आधीच कळलं हुतं, पोरी. मागनं कळायला काय ऱ्हायलंच न्हवतं. मंग त्यानं कुनाला काय खूण दावायची?"

ते माझ्याकडं बघत नव्हते. लिंबाच्या बुंध्याकडं बघत, बाजारभाव सांगावा तशा आवाजात ते म्हणाले, "मी आठ ऐकले."

आजूबाजूला मुलं हसत होती, कपबशा वाजत होत्या.

"नववा ऐकलाच न्हाई मी. नाना शिडीवर पाय टाकून बसला हुता. दुसरीकडचं काम खोळंबलं हुतं. मनाला म्हनलं, दोन संगं गेले असतील. असं कवाकवा व्हतं. आनि झाले म्हनलो. चुकून मोजलं न्हाई मी. बरूबर मोजलं हुतं."

मी काकीकडं बघितलं. मला वाटलं ती ओरडेल, उठून जाईल, निदान कप तरी हातातून पडेल. तिनं पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडं सरळ बघत म्हणाली, "व्हय. आठच हुते."

आप्पांनी मान वळवली.

"मी घरात मोजले. तुमी सकाळी नऊ म्हनून गेल्ते. आठ झाले, मंग थांबले, कान लावून थांबले. नववा आला न्हाई. घरात कोन न्हाई, जाऊबाई नदीला गेल्या हुत्या. उठून पळत यावं म्हनलं. मंग म्हनलं, आप्पा हायेत तितं, त्यांनी मोजले असतील." एवढं बोलून तिनं गार झालेला चहा पिऊन टाकला. "हिरीपोतूर पळत यायला येळ लागला नसता."

दोघंही रडली नाहीत. मीही नाही. आत घंटा वाजली आणि माझं नाव पुकारलं गेलं.

व्यासपीठावर जाऊन मी निबंध वाचू लागले. पहिली अट वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली. चौथीवर आले आणि कागदावरचं वाक्य मला दिसत होतं, लाल रेघेसकट. आप्पा आणि काकी मागच्या रांगेत बसले होते, मधली माझी खुर्ची रिकामी ठेवून. मी म्हणाले, "चौथी अट मला तपासता आलेली नाही," आणि खाली उतरले. टाळ्या थोड्या उशिरानं आणि थोड्याच झाल्या. दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावून विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. म्हणाले, "या अटी नाटकासाठी असतात, शैला. ओळख पटते ती बघणाऱ्याला दिसावी लागते, म्हणून ती अट. माणसाच्या बाबतीत ती दिसायची गरज नसते." मग म्हणाले, "मीही त्या वाक्याखाली रेघ मारली होती." त्यानंतर आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही.

त्या रविवारी परतीच्या गाडीत ती दोघं बसली तेव्हा मला वाटलं होतं, आता घरी काहीतरी होईल. काही झालं नाही. पुढच्या खेपेला गेले तर सगळं तसंच होतं; बाजरी, मटकी, वेळेवरची जेवणं. आईला त्यांनी सांगितलं की नाही हेही मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. फरक म्हणावा तर इतकाच की काकी आप्पांशी आता थेट बोलायची. "भाकर वाढू का?" "नगं." एवढंच, पण थेट.

वर्षभरानं तिसगावहून तिचा भाऊ एक स्थळ घेऊन आला. बायको वारलेला, तिकडचाच शेतकरी, स्वभावानं शांत. आमच्या भावकीला ते पटलं नाही. सुनेचं पुन्हा लग्न करून द्यायचं म्हणजे काय, अशी बैठक भरली. आप्पा त्या बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "मी लावून देनार." बैठक तिथंच उठली. ती निघाली त्या सकाळी अंगणात सामान टेम्पोत चढत होतं. काकी आप्पांच्या पाया पडली आणि उठून म्हणाली, "तुमच्यामुळं जात न्हाई मी."

"म्हाईत हाय," आप्पा म्हणाले.

या दोन वाक्यांचा अर्थ मी आयुष्यभर उलटसुलट करून बघितला आहे. तिनं त्यांना क्षमा केली होती, की क्षमेचा प्रश्नच नाही असं सांगितलं होतं, की आणखी काही. आप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि साध्या तापानं गेले. मी तीस वर्षं कॉलेजात शोकांतिका शिकवली. दर वर्षी त्याच चार अटी फळ्यावर लिहिल्या, मुलांचे पेपर तपासले, ओळख पटण्याच्या मुद्द्याला चार गुण ठेवले. नावाड्याचा विषय मात्र कधी दिला नाही. आणि एक गोष्ट मला निवृत्तीनंतर कधीतरी, भाजी निवडताना सुचली. आठ मोजून गप्प बसलेली माणसं त्या दिवशी दोन होती. मी निबंध लिहिला, मोडला, मनात पुन्हा पुन्हा लिहिला तो एकाच माणसाचा.

मागच्या हिवाळ्यात तिसगावला एका लग्नाला गेले होते, तेव्हा काकीकडं उतरले. तिला आता ऐकू कमी येतं, पण डोळे शाबूत आहेत. दोन मुलं, सुना, भरलेलं घर. धाकटी सून मला जेवायला वाढताना म्हणाली, "आत्या, तुमी कालेजात काय शिकवायच्या?"

मी सांगायच्या आत काकीच बोलली. तिनं ते ऐकलं कसं कोण जाणे. "मानसाला खरंच दुःख झालं का न्हाई, ते तपासायची ती. आनि मार्क द्यायची."

सून हसली, काकीही हसली. काकीला तोंडभर हसताना मी नाना गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "मला किती दिलेस गं?"

घास माझ्या हातात होता. मी म्हणाले, "काकी, तुझा पेपर माझ्याकडं कधी आलाच नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून आमटी आणायला उठली.